आईचं तिकीट कधीचं काढू?

"मावशी, आम्ही दोघं नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळ राहतो, दोघंही नोकरी करतो. मला चोविसावा आठवडा चालू आहे, तारीख जानेवारीच्या मध्याची दिलीय. पहिलंच बाळंतपण. आई साताऱ्याहून रोज फोनवर म्हणते, 'पहिलं माहेरीच व्हायला हवं, परक्या मुलखात कोण बघणार तुला?' सासूबाई म्हणतात पुण्याला या, हॉस्पिटल समोरच आहे. नवरा म्हणतो इथेच, आईंना बोलावू. आईचे गुडघे दुखतात. व्हिसा तीनच महिन्यांचा मिळणार, म्हणजे तिला नेमकं कधी बोलवायचं तेही कळेना. इथे डॉक्टर बघतच नाहीत, सगळं सुईणच करते. बाळंतपणानंतर आठ दिवस कोणी बाई घरी येणार म्हणे. अनोळखी बाई माझ्या स्वयंपाकघरात, त्यात आई! कसं जमायचं? रात्री दोन-तीनला जाग येते आणि रडू येतं, पण ते सोडा, तुम्ही म्हणाल हार्मोन्स. — संभ्रमात पडलेली"

प्रिय लेकी,

शेवटचं वाक्य मी सोडणार नाही. त्याकडे येतेच, पण आधी आईच्या तिकिटाचा निकाल लावू, कारण माझ्या मते तुझे निम्मे प्रश्न त्या तिकिटाला लटकलेत.

बाळंतपण तिथेच कर. आणि आईला बाळंतपणासाठी बोलवू नकोस, बाळंतपणानंतर बोलव. तिकीट दिलेल्या तारखेनंतर आठ-दहा दिवसांचं काढ, आणि तारीख बदलता येईल असंच काढ. बाळं दिलेल्या तारखेला येतात थोडीच.

साताऱ्यात हे ऐकून काय होईल ते मला इथूनही ऐकू येतंय. म्हणून कारणं सांगते.

मी दोन्ही केलंय. थोरला नाशिकला माहेरी झाला, धाकटी 2004 साली तिकडेच, उट्रेख्तला. नाशिकला आई माझ्यासाठी काय काय करत होती, हे मला तेव्हा दिसलंच नाही. मी झोपलेली असायचे. उट्रेख्तला रात्री तीन वाजता दुपटी संपली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की नाशिकला ती कधी संपलीच नव्हती. माहेरचं बाळंतपण हा एक मोठा गोड शब्द आहे, पण तो सोडवून बघितला तर आत सुटी सुटी कामं निघतात. बाळंतिणीला उठू न देणं. तिला गरम जेवण देणं. बाळाला न्हाऊ घालणं. अंगावर कसं पाजायचं ते बसून शिकवणं. टाके, ताप, बाळाचा पिवळेपणा यावर लक्ष ठेवणं. आल्यागेल्यांना दारातूनच चहा पाजून वाटेला लावणं. आणि रात्री बाळ रडलं की 'आण इकडे' म्हणणारं कोणीतरी असणं.

आता तू घाबरतेस ती बाई बघ. तिच्या कामाला तिकडे क्रामझोर्ख म्हणतात, आणि माझ्या माहितीत असं काही दुसऱ्या देशात सर्रास मिळत नाही. प्रशिक्षित बाई बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस घरी येते. मूळ विम्यातच हे बसतं. साधारण 49 तास मिळतात, गरजेप्रमाणे कमीत कमी 24 आणि जास्तीत जास्त 80. तासाला पाच-सहा युरो आपण भरायचे, तेही काही जादा विमे देतात. म्हणजे सगळे मिळून पावणेतीनशे युरोच्या आसपास. ती तुझा ताप बघणार, टाके बघणार, पोटावर हात ठेवून गर्भाशय खाली उतरतंय का ते बघणार, बाळाचं वजन आणि दिवसभरातल्या ओल्या लंगोटांचा हिशेब एका वहीत लिहिणार, शंका आली तर सुईणीला फोन करणार. शिवाय कपडे धुणार, बाथरूम घासणार, तुला खायला आणून देणार. मघाच्या यादीतलं रात्रीचं काम आणि आपल्या चवीचं जेवण सोडलं, तर जवळपास सगळं ती करते.

म्हणजे पहिले आठ दिवस आई तिथे असली तर ती काय करणार? सांगते, कारण माझ्या घरी तेच झालं. माझी आई दुसऱ्या दिवशीच येऊन पोचली. आमची क्रामझोर्खवाली उंच, काळी कॉफी पिणारी, बोलायला मऊ पण हलायला तयार नाही अशी. आईनं सकाळी बाळाला टोपडं घातलं, कान झाकले, दोरी हनुवटीखाली बांधली. ती आली, टोपडं काढलं, घडी करून पाळण्याशेजारी ठेवलं. ती चहा करायला गेली, आईनं पुन्हा घातलं. ती परत आली, पुन्हा काढलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडणही करता येत नव्हतं. तो खेळ चार दिवस चालला. मी मध्ये ओली बाळंतीण, दोघींकडे बघून हसायचं की रडायचं कळत नव्हतं. आई रात्री स्वयंपाकघरात एकटी बसून म्हणाली, "मला इथे काही कामच नाही गं." सात हजार किलोमीटर येऊन तिच्या वाट्याला हे वाक्य आलं, ते मला आजही लागतं.

ती बाई नवव्या दिवशी गेली आणि दहाव्या दिवसापासून मला आईची खरी गरज पडली. नवरा कामावर, पाऊस, बाळाला संध्याकाळी सहा ते नऊ रडायची सवय. पण तोवर आई मनातून थोडी मागे सरकली होती.

म्हणून म्हणते, दोघींना एकत्र कोंडू नकोस. एक गेली की दुसरी येऊ दे.

आणि हिशेबानंही हेच बरोबर येतं. आईचा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, त्यावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. ती डिसेंबरच्या शेवटी आली आणि बाळ दहा दिवस उशिरा आलं, तर तिचे तीन-चार आठवडे तुझ्या पोटाकडे बघण्यात जातील. जानेवारीच्या शेवटी आली तर एप्रिल संपेपर्यंत राहील. जानेवारीत तिकडे सकाळी साडेआठ होऊन गेले तरी नीट उजाडत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला त्या अंधारात आणून बसवण्यापेक्षा मार्च-एप्रिलचं ऊन बघू दे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा तू ऑक्टोबरमध्येच कामाला लाग. व्हिसासाठी तुम्ही द्यायच्या हमीपत्रावरची सही तुमच्या नगरपालिकेतून प्रमाणित करून घ्यावी लागते, त्याला अपॉइंटमेंट लागते. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा. विमानतळावर व्हीलचेअर मागून ठेव, आई नको म्हणेल तरी. तिच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि हातातल्या पिशवीत.

आता पुण्या-साताऱ्याला जायचं म्हटलं तर काय, तेही मोजू. नेदरलँड्समधली बाळंतपणाची रजा 16 आठवड्यांची, पूर्ण पगारी (पगाराला वरची मर्यादा आहे, तेवढं एचआरला विचार). ती तारखेच्या सहा आठवडे आधीपासून सुरू करता येते, चार आठवडे आधी तरी घ्यावीच लागते. म्हणजे तू लवकरात लवकर चौतिसाव्या आठवड्यात निघणार. त्या वेळी विमान कंपन्या डॉक्टरचा दाखला मागतात, आणि छत्तिसाव्यानंतर बहुतेक जणी घेतच नाहीत. जाशील, नाही असं नाही. पण मग बाळ भारतात जन्मलं की त्याचा पासपोर्ट, मग नेदरलँड्समध्ये राहण्याचा परवाना, हे सगळं दहाएक आठवड्यांत बसवायचं. तोवर तुझा नवरा बाळाला फोनच्या पडद्यावर बघणार. हे सगळं कळूनही तुला मनापासून साताऱ्यालाच जायचं असेल तर जा, मी मोडता घालणार नाही. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात आई काय म्हणते ते आहे, सासूबाई काय म्हणतात ते आहे, नवरा काय म्हणतो ते आहे. 'मला जायचंय' हे एकदाही नाही.

सुईणीबद्दल. आपल्याकडे सुईण म्हटलं की डोळ्यासमोर नऊवारीतली म्हातारी येते, म्हणून तुझ्या आईला धडकी भरते. तिकडची सुईण चार वर्षांची पदवी घेतलेली असते. गरोदरपण निरोगी असेल तर सगळं तीच बघते. रक्तदाब, साखर, बाळ आडवं किंवा पायाळू, असं काही आढळलं की ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवते. हे आईला एवढंच सांग: "डॉक्टर आहेत, गरज लागली की आहेत." तुला मात्र एक गोष्ट आजच विचारायची आहे. आपल्या दक्षिण आशियाई बायकांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून साखरेची चाचणी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान करतात. तुझा चोविसावा चालू आहे. सुईणीनं आपणहून विषय काढला नसेल तर तू काढ. आणि डांग्या खोकल्याची लस 22 आठवड्यांपासून मिळते, ती घेतलीस ना?

कळा सोसण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण मी सांगणार. त्या देशात सोसण्याला जरा जास्तच मान आहे. घरी बाळंत होणाऱ्या बायका अजूनही बऱ्याच, आणि कुठलंही दुखणं सांगितलं तरी पॅरासिटामॉलपासून सुरुवात, हा विनोद तू ऐकलाच असशील. पाठीतलं इंजेक्शन, त्याला ते रुखनप्रिक म्हणतात, मिळतं, पण हॉस्पिटलमध्येच मिळतं आणि बहुधा मागावं लागतं. सुईण तुला बाळंतपणाचा आराखडा लिहायला सांगेल. त्यात हे स्वच्छ लिही. हवंच असं नाही, पण 'मागितलं तर टाळू नका' एवढं लिही, आणि नवऱ्याला पाठ करायला लाव, कारण त्या वेळी तुझी इंग्रजी पळून जाते. माझी गेली होती. मी शुद्ध नाशिकच्या मराठीत ओरडत होते आणि एक गोरी मुलगी 'या, या' म्हणत मान डोलवत होती. डचमध्ये 'या' म्हणजे हो, हे मला माहीत होतं, तरी त्या क्षणी वाटलं ही मला बोलावतेय कुठे!

आणखी एक. सगळं सुरळीत असेल तर हॉस्पिटलमधून काही तासांतच घरी पाठवतात. आम्हाला मध्यरात्री सोडलं. बाहेर बर्फाळ वारा, हातात तीन तासांचं बाळ, आणि टॅक्सीवाला विचारतोय बाळाची खुर्ची कुठे. खुर्ची आम्ही घेतली होती, पण ती खोक्यातून काढलीच नव्हती. तुम्ही आठव्या महिन्यातच काढून, लावून, एकदा भाजीची पिशवी बसवून बघा.

पलंगाची उंची मोजून घे. क्रामझोर्खवाल्यांना 70 ते 80 सेंटीमीटर लागते, त्यांची पाठ मोडू नये म्हणून. खाली लावायचे ठोकळे भाड्यानं मिळतात. आपली मंडळी गादी जमिनीवर टाकून राहतात आणि ऐन वेळी धावपळ होते. आणि मुख्य म्हणजे त्या बाईची नोंदणी झाली आहे का? चोविसाव्या आठवड्यात ती झालेली असायलाच हवी. या कामाला माणसं कमी आहेत, उशिरा आलेल्यांचे तास कापले जातात. नसेल केली तर पत्र इथेच खाली ठेव आणि फोन कर. सातव्या-आठव्या महिन्यात तास ठरवायला बोलणं होतं, तेव्हा सांग की इथे घरचं कोणी नाही, पहिलंच आहे, अंगावर पाजायचं आहे. तास वाढवून मिळू शकतात.

ती आणि तू, यात स्वयंपाकघराचं काय? काही नाही होत. भांडी वेगळ्या जागी ठेवेल. कुकरला घाबरेल. माझ्या बाईनं कुकरची पहिली शिट्टी झाल्यावर बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत पळ काढला होता. तिला मऊ भात-तूप आणि मेतकूट काय असतं ते दाखव, दुसऱ्या दिवशी तीच गरम करून आणेल. आणि ती तुला गोल टोस्टावर लोणी लावून, वर साखरेत घोळलेले गुलाबी-पांढरे किंवा निळे-पांढरे दाणे पसरून देईल. बेस्खाउट मेट माउशेस. बाळ झालं की आल्यागेल्याला हेच वाटायचं. त्या दाण्याच्या आत काय असतं माहिती आहे? बडीशेपेची विलायती बहीण, अनीस. त्यांच्याकडेही जुन्या बायका म्हणायच्या की यानं दूध येतं. माझ्या आईनं तो दाणा दाताखाली फोडला, थांबली, आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलंच!" चार दिवसांच्या टोपड्याच्या भांडणात त्या दोघींचं एकमत झालं ते एवढंच.

टोपड्याबद्दल मात्र ती बाई बरोबर होती, हे मी आईला कधी सांगितलं नाही, तुला सांगते. गरम घरात डोकं झाकून बाळाला झोपवू नये. त्या देशात 1987 साली एका डॉक्टरांनी पालथं झोपवण्याचा आणि पाळण्यातल्या अचानक मृत्यूंचा संबंध दाखवला. सल्ला बदलला, आणि मृत्यू झपाट्यानं घटले. तेव्हापासून ते लोक या बाबतीत ताठ आहेत: बाळ पाठीवर, उशी नाही, पांघरूण सैल नाही. म्हणजे मोहरीची उशी बाद. आईनं ती शिवून ठेवली असणार, मला खात्री आहे. तिला सांग, बाळ जागं असताना फोटोपुरती ठेवू.

धुरीचं तर विचारूच नकोस. तिकडे 2022 पासून प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. ओवा आणि लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकल्यास तर अख्खी इमारत खाली उतरेल. चेष्टा सोड, बाळाच्या छातीला धूर चांगला नाहीच. वेखंड-मधाची घुटीही नको. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जिवाणूनं तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते. काजळ नको. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज, 10 मायक्रोग्रॅम, तिकडे चार वर्षांपर्यंत देतात, आणि आपल्या सावळ्या कातडीच्या लेकरांना त्या अंधाऱ्या देशात ते चुकवून चालणारच नाही. तेल लाव, हलक्या हातानं, आईच्याच हातानं. एवढे सगळे 'नको' ऐकल्यावर तिच्या हातात एक ठसठशीत 'हो' पडायला हवं. पाटावर बसून पायावर घेऊन न्हाऊ घालणं तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही. टबात 37 अंशांच्या पाण्यात बाळाला कसं धरायचं हे क्रामझोर्खवाली तुला आणि नवऱ्याला शिकवेल. मग तुम्ही आईला शिकवा. उलटी गंगा, पण तिला मजा येईल.

नावाचं एक भान ठेवा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला त्या नगरपालिकेत तीन दिवसांत करायची असते, आणि नाव तेव्हाच द्यायचं. आपलं बारसं बाराव्या दिवशी! नाव दिलंच नाही तर अधिकाऱ्यानं ते ठेवायचं अशी डच कायद्यात तरतूद आहे, म्हणजे आत्याचा मान थेट नगरपालिकेला. आत्याबाईंना डिसेंबरातच विश्वासात घ्या. नाव त्या ठरवतील, कानात कुर्र बाराव्या दिवशी व्हिडिओवरून करतील, कागदावर आधी जाईल. आणि वडिलांचं नाव मधे लिहायचं का, आडनाव कसं, हे आधी ठरवा. डच दाखला आणि भारतीय पासपोर्ट यांत अक्षराचा फरक पडला की वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं. तुम्ही दोघं भारतीय नागरिक असाल तर बाळ डच होत नाही. त्याचा जन्म द हेगच्या भारतीय दूतावासात वर्षाच्या आत नोंदवायचा, पासपोर्ट घ्यायचा, मग राहण्याचा परवाना. विम्यात नाव चार महिन्यांच्या आत घालायचं, त्याला हप्ता नसतो. पुढे भारतात आणणार असाल तर बीसीजीची लस तिथे मागून घ्या. तिकडे ती सगळ्यांना देत नाहीत, आपल्यासारख्या देशातल्या आई-वडिलांच्या मुलांना देतात.

नवऱ्याच्या रजेबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. त्याला एक आठवडा पूर्ण पगारी मिळतो. तो जन्मानंतर लगेच घ्यायचा, कारण क्रामझोर्खवाली दुपारी जाते आणि रात्र सगळी तुमची. त्याशिवाय सहा महिन्यांच्या आत पाच आठवडे 70 टक्के पगारावर, आणि पहिल्या वर्षात आणखी नऊ आठवडे तशाच पगारावर, ते तुलाही आणि त्यालाही. बहुतेक बाप्ये ही रजा सासू आलेली असताना घेतात आणि घरातली फडताळं दुरुस्त करत बसतात. त्यातली बरीचशी आई परत जाईल त्या आठवड्यासाठी राखून ठेवायला सांग. तू कामावर परतलेली असशील, पाळणाघराची सवय लागायची असेल, आणि घर अचानक शांत होईल. पाळणाघरात नाव आजच घाल, तिकडे रांगा मोठ्या असतात.

आता आईला फोन. 'येऊ नकोस' असं वाक्य तोंडातून काढू नकोस, 'नंतर ये'ही नको. तिला काम सांग. म्हण, "आई, पहिले आठ दिवस इथे विम्यातून शिकलेली बाई मिळते. खरं बाळंतपण त्यानंतर चालू होतं, सव्वा महिना मला तू हवी आहेस." मग यादी दे. डिंक, खारीक, सुंठ, बाळंतशेपा आण, अळीव आण (तिकडे अळिवाचा कोवळा पाला सॅलडमध्ये खातात, बी बागेच्या दुकानात मिळतं, पण ते पेरायचं असतं, औषध लावलेलं असू शकतं, लाडवाला घेऊ नकोस). जुन्या मऊ साड्यांची दुपटी आण. साजूक तूप मात्र आणायचं नाही. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील आणि तिचा जीव हळहळेल. तिकडचं बिनमिठाचं लोणी इतकं सुरेख असतं की त्याचं तूप कढवून ती थक्क होईल. लाडू तिथेच वळू दे. सासूबाईंना मे महिन्यात बोलव, आईचे दिवस संपले की. दोघींना व्हिसा वेगळा, दिवस वेगळे, मान वेगळा.

आणि आता ते शेवटचं वाक्य.

हार्मोन्स असतीलही. पण मी तसं म्हणून सोडून देणार नाही, कारण मला सगळ्यांनी तसंच म्हणून सोडून दिलं होतं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू फुटतं, त्याला त्या भाषेत एक शब्दच आहे, क्रामट्रानन, बाळंतिणीचे अश्रू. ते येतात, आठवड्याभरात ओसरतात. माझे ओसरले नाहीत. आई होती, नवरा भला होता, बाळ गुटगुटीत होतं, मग रडतेस कशाला, असं मीच मला विचारायचे, आणि कुणाला सांगायचे नाही. सहा आठवड्यांनी वजन करायला घेऊन गेले. नर्सनं बाळ तोललं, आकडा लिहिला, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि आई कशी आहे?" मला वाटलं माझ्या आईबद्दल विचारतेय. मी म्हणाले, तिचे पाय दुखतात. ती म्हणाली, "नाही, तू." त्या खोलीत मी अर्धा तास रडले. तिनं फॅमिली डॉक्टरला फोन लावून दिला. औषध लागलं, बोलणं लागलं, चार महिन्यांत मी माणसात आले.

तुझं आत्ताच, पोटात बाळ असतानाच चालू झालंय. असंही होतं. ते बाळंतपण झाल्यावर आपोआप जाईल या भरवशावर राहू नकोस. पुढच्या तपासणीला सुईणीला हेच वाक्य सांग: रात्री दोन-तीनला जाग येते आणि रडू येतं. ती दहा प्रश्नांची एक यादी देईल, खरी उत्तरं लिही. तिकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत गरोदर आणि बाळंत बायकांच्या मनासाठी वेगळा दवाखाना असतो, सुईण तिथे पाठवू शकते. आणि कधी जीव नकोसा वाटला, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, तर तपासणीची वाट बघायची नाही. 113 वर फोन (जीव नकोसा झालेल्यांसाठीची तिकडची मदतवाहिनी), जीवावर बेतलं असेल तर 112.

तोवर एक. आज रात्री जाग आली की त्याला उठव. सकाळी त्याची मीटिंग असली तरी उठव.

— तुझी मावशी